हिरामणचा बायोडाटा

मालकाने आपले अकराच्या अकरा ट्रेलर विकले, तेव्हा हिरामण घरत चौपन्न वर्षांचा होता. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि भिवंडी, नाशिक, जिथे सांगतील तिथे पोचवायचा, हेच त्याने अठ्ठावीस वर्षं केलं होतं. गाड्या घेणाऱ्या नव्या माणसाने ड्रायव्हरही ठेवून घेतले, पण पंचेचाळिशीच्या आतले. हिरामण घरी आला, सवयीने चावीच्या खिळ्याकडे हात नेला, आणि रिकामा हात तसाच घेऊन ओटीवर बसला.

घरात एक माणूस आधीच बेकार होतं. त्याची मुलगी, जागृती.

जागृती चोवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली. दोन वर्षांत तिच्या तीन नोकऱ्या झाल्या होत्या. आधी बंदरातल्या मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्या ऑफिसात दहा महिने, मग बेलापूरला एका बँकेच्या फोनवर सात महिने, आणि शेवटी काशीद-दिवेआगरच्या घरगुती लॉजची बुकिंगं घेणाऱ्या कंपनीत पाच. काम कुठलंच वाईट नव्हतं. पण थोडे महिने गेले की तिला वाटायला लागायचं, आपण चुकीच्या एसटीत बसलोय आणि कंडक्टरला विचारायची लाज वाटतेय. मग ती उतरायची. आता इंटरव्ह्यूला गेली की एकच प्रश्न यायचा, "तुम्ही टिकत का नाही?" शेवटी तिने बायोडाटातून दोन नोकऱ्या काढूनच टाकल्या आणि तेवढा काळ स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते असं लिहिलं. परीक्षेचा फॉर्मसुद्धा तिने कधी भरला नव्हता.

बाप घरी बसल्याला तीन आठवडे झाले आणि शेजारचा विनेश बातमी घेऊन आला. उलव्यात नवी शाळा निघाली होती, तिला बसवर ड्रायव्हर हवे होते. फक्त बायोडाटा आणायला सांगितला होता.

"मना बायोडाटा कशाला?" हिरामण म्हणाला. "लायसन हाय, बॅज हाय. गाडी चालवून दाखवतू."

"मी बनवते, बाबा," जागृती म्हणाली.

रविवारी दुपारी दोघं लॅपटॉप घेऊन ओटीवर बसली. आई, कृष्णाबाई, आत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती आणि कान बाहेर ठेवून होती. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून झाली. मग 'अनुभव' आलं.

"लिव, डायवर, अठ्ठावीस वर्षां."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी कायच न्हाय."

"असं कसं? चौदाव्या वर्षी शाळा सोडलीस, सव्विसाव्या वर्षी ट्रेलरवर बसलास. मधली बारा वर्षं कुठे गेली?"

हिरामण हसला. मग आठवून आठवून सांगायला लागला. आधी बापाबरोबर मिठागरात. पाय असे चिरायचे की रात्री चादर लागली तरी झोंबायचं. तिथून पळाला तो पेणच्या एका बँडमध्ये, झांजा वाजवायला.

"झांजा? तू?" जागृती खो खो हसली.

"दोन लगीनसराया वाजवल्या. कोट पन होता मना, लाल."

मग दादरला एका हॉटेलात कपबश्या धुतल्या, आठ दिवस. मग गावात पानाची टपरी, चार महिने. मग करंजाला बर्फाच्या कारखान्यात. मग टेम्पोवर क्लीनर. जागृतीने मोजलं. सहा कामं. तिची तीन झाली होती तर तिला तोंड लपवावंसं वाटत होतं.

"तुला भीती नाय वाटायची?"

"वाटायची तं! आये बोलायची, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. बाप तं बोलायचाच बंद झाला." त्याने तंबाखूची पुडी काढली, तशीच परत ठेवली. "बर्फाचा काम सुटला तवा मी घरी सांगितलाच न्हाय. सकाली डबा घेवून निघायचू, करंजाच्या धक्क्यावर बसायचू. डबा खायाचा, संध्याकाली घरी. बारा दिवस असाच केला."

जागृतीची बोटं थांबली.

जून महिन्यात बुकिंगची नोकरी सोडल्यावर तिनेही हेच केलं होतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायची, बंदराच्या रस्त्यावरच्या दास्तान फाट्यावर उतरायची, एसटीच्या शेडमध्ये बसून राहायची. नऊ दिवस. घरी सांगितलं ते दहाव्या दिवशी, तेही कालच सोडली म्हणून.

ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "तू मला बघितलंस."

"फाट्यावर लाइन लागलेली गाड्यांची. ट्रेलरच्या वरून दिसतं ना समदा. तू डबा खात होतीस."

"मग हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तं तुजा घास अडकला असता."

जागृती उठली आणि आत पाणी प्यायला गेली. माठाशी ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. कृष्णाबाईने सोड्यांवरून हात न काढता नुसतं विचारलं, "काय गो?" ती म्हणाली, "काही नाही." आईने पुन्हा विचारलं नाही.

बाहेर येऊन तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. "सगळं लिहायचं, बाबा."

"सगला? झांजा पन?"

"झांजा पण."

उलव्याला ती त्याच्याबरोबर गेली. शाळेच्या बसचं काम बघणाऱ्या रचना मॅडम तिशीच्या होत्या. कागद वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काका, एवढी कामं का सोडलीत?"

"येत नवती म्हनून, मॅडम," हिरामण सरळ म्हणाला. "गाडी चालवायला आली, ती धरली."

मॅडम हसल्या आणि त्यांनी बसची चावी पुढे केली. जागृती मागच्या सीटवर बसली. हिरामणने रिकामी बस शाळेला वळसा घालून अशी आणली, जणू आत पोरं झोपली आहेत. गतिरोधकावर तिची पिशवीसुद्धा हलली नाही. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून या."

परतताना रिक्षात जागृती म्हणाली, "मॅडमना काय बोललास! एकदम हिरो."

हिरामण बाहेर बघत होता. "बोललू तेवढा सोपा नवता. गाडी पन मना पयली चार वर्षां सोडायचीच होती. मंग तू झालीस."

"म्हणजे माझ्यामुळे अडकलास?"

"न्हाय गो. सवय झाली. मंग आवडायला लागली. कवा आवडली, ता ध्यानात न्हाय."

तिने त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली.

घरी आल्यावर तिने स्वतःचा बायोडाटा उघडला. अभ्यासाची थाप खोडली आणि तिन्ही नोकऱ्या तारखांसकट लिहिल्या. बंदराजवळच्या एका शीतगृहाला परदेशी जाणाऱ्या मासळीची कागदपत्रं बघायला माणूस हवा होता, तिथे पाठवून दिला. आठ दिवसांनी त्यांनी बोलावलं. समोरच्या वयस्कर साहेबांनी विचारायचं तेच विचारलं.

"मला काय जमेल ते शोधत होते," जागृती म्हणाली. "कस्टमच्या कागदांचं काम बरं जमत होतं, सर. ते मी घाईने सोडलं असं आता वाटतं. परत करून बघायचंय."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तुम्हाला आधी सांगेन."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. कायमची नोकरी त्यांनी दिली नाही, सहा महिन्यांची दिली.

त्या दिवशी जेवताना हिरामण आपल्याच शाळेची गोष्ट सांगत होता. पहिलीतली एक मुलगी बसमध्ये ओकली आणि लाजेने रडायलाच लागली. त्याने बस बाजूला घेतली, सगळं पुसलं आणि तिला सांगितलं, मी पयल्यांदा गाडीत बसलू तवा मी पन ओकलेलू.

"खरंच?" जागृतीने विचारलं.

"ह्या! कवाच न्हाय," तो म्हणाला, आणि तिघंही हसली.

मग जागृतीने आपलं सांगितलं. कृष्णाबाईने भाकरी मोडता मोडता विचारलं, "कवापासून?"

"एक तारखेपासून."

"किती दिसांचा हाय?"

"सहा महिन्यांचं."

"आनि मंग?"

जागृतीने बापाकडे पाहिलं. तो ताटात सोड्याचं कालवण वाढून घेत होता.

"मग काय ते मलाही माहीत नाही, आई," ती म्हणाली आणि कालवणाचं भांडं आपल्याकडे ओढलं.

"बरा," कृष्णाबाई म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.