चंद्रीचा पान्हा आणि आकारामचं इंग्रजी

माझी म्हैस दुसऱ्याच्या आवाजावर पान्हा सोडते हे मला साऱ्या कट्ट्यासमोर कळलं, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जी आग पडली ती ताक पिऊनही विझेना.

संध्याकाळी म्हशी घेऊन आम्ही कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर उभे राहतो. गिऱ्हाईक समोर, ग्लास कासेखाली, आणि फेसाळ दूध तसंच गरम गरम ओठाला. शिवाजी पेठेतनं मी चाळीस वर्षं तिथं म्हैस नेतो. आता चंद्री आहे. आधी तिची आई होती, त्याआधी आजी. या आजीनं महापुरात पाठीवर अकरा माणसं, एक शेगडी आणि शेगडीवरचं चहाचं पातेलं घेऊन पंचगंगा पार केली, थेंब न सांडता. तो चहा मी स्वतः प्यालोय. साखर जरा कमी होती.

तर असलं काहीबाही ऐकायला लोक माझ्याकडं यायचे. दूध काय, शेजारच्या खुंट्यावर आकारामकडंही तसंच होतं. पण आकाराम पडला मुका. तीस वर्षांच्या शेजारात त्याच्या तोंडून 'व्हय' आणि 'न्हाय' सोडून तिसरा शब्द मी फारसा ऐकला नव्हता. मला तो फार आवडायचा.

त्याची सून प्रियदर्शनी शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं पेठेतल्या मोठ्या माणसांना मोबाईलवर रोज एक धडा पाठवायला सुरुवात केली. तिचं म्हणणं, पुस्तक नको न् पाठांतर नको. हातातलं काम घ्या आणि त्याचंच वाक्य करा. साचा एकच, कामं बदलत जायची. हे सगळं ती तान्ह्या पोराला जोजवल्यासारख्या चालीत म्हणायची, आणि शिकणारेही तीच चाल उचलायचे.

एका संध्याकाळी धार काढता काढता आकारामनं तोंड उघडलं.

"आय ॲम मिल्किंग. यू आर स्टँडिंग. शी इज ईटिंग."

यू म्हणजे समोरचं गिऱ्हाईक, शी म्हणजे म्हैस. दोन हात, दोन धारा, आणि त्या तालावर वाक्यं. मग कुणीतरी टाळी वाजवली.

आठ दिवसांत माझी रांग तिकडं सरकली. मला खरं लागलं ते अभिनंदनचं. कबनूरला त्याचे माग आहेत. दर गुरुवारी कोल्हापूरला सुताच्या कामाला आला की माझ्याकडं दोन ग्लास दूध आणि एक गोष्ट घेतल्याशिवाय तो परत जात नसे. त्या गुरुवारी मी त्याला बघून सुरू केलं, "काय सांगू तुला, अभिनंदन, रंकाळ्यावर मी..."

"आबा, जरा दम धरा की," तो आकारामच्या रांगेतनंच ओरडला. "ह्यो साचा लई सोपा हाय. आय ॲम ड्रिंकिंग!"

आणि खरंच प्याला. आकारामच्या म्हशीचं.

रांगेत उभं राहून ऐकावं इतकं त्यात काय होतं? मी पाण्याच्या टाकीमागं उभा राहून ऐकलं. चार दिवस ऐकलं आणि शत्रूची चाल समजली. आपल्या बोलण्यात काम सगळ्यात शेवटी येतं. "मी काल पहाटे रंकाळ्यात धुक्यातनं उतरून दोन्ही हातांनी ही एवढी मगर..." इथं गिऱ्हाईक श्वास धरतं. मगर मारली, धरली की नुसती बघितली, हे मी त्याच्या तोंडाकडं बघून ठरवतो. माझा सगळा संसार त्या मधल्या जागेत. आकारामच्या इंग्रजीत माणूस आला की काम लगेच त्याच्या पाठीला चिकटून दारात उभं. मग मगरीनं कुठनं शिरायचं?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण एका सोमवारी मी चंद्रीच्या कासेला हात लावला तर धार नाही. पाणी मारलं, पाठ चोळली, सरकी पुढं केली. बया दूध चोरून उभी. समोर तीन गिऱ्हाइकं ग्लास घेऊन. तेवढ्यात पलीकडनं आकारामचं सुरू झालं, "आय ॲम मिल्किंग..." आणि चंद्रीचे कान तिकडं वळले, डोळे अर्धे मिटले, आणि माझ्या हातात सड असे भरून आले की पहिली धार थेट माझ्या मिशीवर.

"आबा, म्हस तुमची आन् पान्हा आकारामचा व्हय?"

कोण बोललं ते मी मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याच्याशी आयुष्यभर अबोला धरावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रीच्या कानात कापूस घातला. तिनं आकारामच्या हलत्या ओठांकडं बघून पान्हा सोडला. तिसऱ्या दिवशी मी तिला भिंतीकडं तोंड करून बांधली. तिनं मान फिरवली ती इतकी, की शेपूट आणि तोंड एकाच बाजूला आलं. कट्ट्यावरचे साक्षीदार आहेत. मग मी स्वतःलाच म्हटलं, ठीक आहे, हंबीरराव, इंग्रजी तर इंग्रजी. टाकीमागं शिकलेलं सगळं एकवटून मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "आय ॲम मिल्किंग!"

तिनं लाथ घातली. चरवी गटारात.

आता मात्र मी आकारामला गाठला. "काय चारतोस माझ्या म्हशीला?"

"काय न्हाय."

"मग तुझ्याकडं बघून पाघळती का?"

आकारामनं हात पुसले. तो आता बोलणारा माणूस झाला होता, त्याला आवरणं अवघड. "हंबीरराव, तुमी ते भांडल्यागत म्हंतासा. आन् खरं सांगू? तिला ही चाल माझ्याकडनं न्हाय लागली. पयल्याच दिशी मी तोंड उघडलं तवा तिनं वळखीचं माणूस भेटल्यागत कान टवकारलं. तिला कुणीतरी आदीच शिकवलंय. घरात बघा की."

घरात? घरात मी आणि तानाबाई. तानाबाई म्हणजे माझी बायको, आणि तिच्या इंग्रजीबद्दल मला कधी शंका घ्यावीशी वाटली नव्हती. सकाळची धार ती काढते, कारण सकाळी मी झोपलेला असतो. रात्रभर गोष्टी जुळवायच्या तर सकाळी झोप लागणारच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उठलो. अनवाणी गोठ्याच्या दाराशी गेलो. आत चरवीत धारा वाजत होत्या, आणि त्या तालावर तानाबाईचा आवाज, तीच जोजवायची चाल.

"माय हजबंड टेल्स लाईज. माय हजबंड इज टेलिंग लाईज. माय हजबंड टोल्ड लाईज यस्टरडे. माय हजबंड विल टेल लाईज टुमॉरो."

चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. चरवी काठोकाठ.

टाकीमागं चार दिवस उभा राहिलो नसतो तर मला यातलं काही कळलं नसतं. शिकून असं नुकसान होतं. मला रोजचं कळलं, आत्ताचं कळलं, कालचं कळलं आणि उद्याचंही कळलं. एक काळ बाईनं मोकळा सोडला नव्हता.

"ताने!"

ती दचकली नाही. "उठलासा? चा ठेवू?"

"ही असली वाक्यं शिकवलीत तुला त्या पोरीनं?"

"तिनं साचा दिला. म्हणाली, घरात रोज जे हुतंय त्याचं वाक्य करा. आता आपल्या घरात रोज काय हुतंय, तुमीच सांगा."

"किती दिवस चाललंय ह्ये?"

"तीन म्हैनं."

"तीन म्हैनं तू इंग्रजी बोलतीयास, आन् म्हशीला सांगतीस? मला न्हाय?"

तानाबाईनं चरवी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दूध नासलंय का बघतात तसं.

"तुमाला काय सांगायचं म्हंजी मधी शिराय जागा लागती. चाळीस वरसं झाली लगीन हून. मी 'आज' म्हणलं की तुमची मगर येती. चंद्री निदान वाक्य संपूस्तवर उभी ऱ्हाती की."

आकारामचा हेवा मी महिनाभर केला होता. तो त्या क्षणी गेला, आणि त्याच्या जागी म्हशीचा आला. तीन महिने पहाटे पहाटे ती माझ्या बायकोच्या गोष्टी ऐकत होती. माझ्याविषयीच्या, आणि काय सांगावं, आणखी कशाकशाच्या. मला त्यातलं एक अक्षर मिळालं नव्हतं.

मी गोठ्यातच पोत्यावर बसलो. म्हटलं, "सांग."

"काय?"

"ह्या म्हशीला आनखी काय काय सांगिटलंस ते."

तोंडात मगर आली होती, दोनदा आली. दोन्ही वेळा गिळली. चहाची आठवण दोघांनाही उशिरा झाली.

त्या संध्याकाळी तानाबाई पहिल्यांदा माझ्याबरोबर कट्ट्यावर आली. चंद्रीच्या तोंडाशी उभी राहून तिनं चढ्या आवाजात आपली चारही वाक्यं म्हटली. चंद्रीनं असा पान्हा सोडला की तीन चरव्या भरल्या, चौथी आकारामकडनं उसनी घेतली, आणि उरलेलं दूध उताराला लागून पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेलं. गिऱ्हाइकं हसून हसून ग्लास सांडत होती. अभिनंदन तर रांग मोडून आला. "वैनी, आनखी एकदा! पर जरा हळू, मला पाठ करायचंय."

आता रोज रांग आमच्याच खुंट्याला असते. माझ्यासाठी नाही, ते मला दिसतं. मी खाली बसून धार काढतो, वर तानाबाई बोलते, आणि लोक तिच्याकडं बघतात. मला आत कुठंतरी चुरचुरतं, पण त्या वेळी दोन्ही हात गुंतलेले असतात.

परवा घरी परतताना मी जरा गोडीनं तिला म्हटलं, "अगं, त्या साच्यात 'नॉट' बसतंय म्हणं. माय हजबंड डझ नॉट टेल लाईज. एकदा म्हणून तर बघ की कट्ट्यावर."

"बघिटलं की म्हणून सकाळी," तानाबाई म्हणाली. "वाक्य बराबर हाय. पर चंद्रीनं धार आटवली."