कोरं कपाळ

मार्गशीर्षातली केशरगौर सांज कृष्णेच्या पायऱ्या उतरत होती. उतरत होती आणि मागं वळून बघत होती, कारण दत्ताच्या देवळात समया लागल्या होत्या, कीर्तन रंगलं होतं.

पूर्वरंग संपला. बुवांनी नामघोष धरला. आता साऱ्या सभेला बुक्का लागायचा, मगच आख्यान. पितळी वाटी घेऊन गुरवांची वृंदा उठली. नववीतली, सावळी, वातीसारखी सरळ. उजव्या हाताच्या बोटांवर कोडाचे शुभ्र डाग, जणू श्यामल डोहावर चांदण्याच्या पाकळ्या.

चांदण्याच्या पाकळ्या म्हणे. शाळेत त्या बोटांना काय म्हणतात ते ऐका.

"पांढरी लागली गं, फुंक, फुंक." वृंदेचा हात चुकून लागला की गौतमी आपल्या दंडावर फुंकर मारायची, आणि मग अख्खा वर्ग. बाकावर फू. तिनं दिलेल्या खडूवर फू. आज मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातल्या धपाट्यांवर फू. "गीळ आता एकटीच." कळ्या उमलाव्यात त्या वयाचे ते ओठ, आणि त्यांतून हे हलाहल. दत्तात्रेया, तीन मुखं तुला, एकानंही बोलू नये?

आणि आता बघा. पहिल्या रांगेत, आईशेजारी, गौतमी. मोरपंखी परकर, शेवंतीची वेणी, मिटलेले डोळे, पुढं केलेलं गोरंपान कपाळ. काय ती भक्ती.

वृंदा थांबली. काळ्या सुगंधात बुडवलेलं बोट वाटीतच राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळ्यांत धुनी होती, रक्तवर्ण, अनिमिष.

"लाव की गं," गौतमीची आई म्हणाली.

"माझा हात लागला की ही फुंकर मारते, काकू. सगळ्या वर्गाला मारायला लावते. विचारा तिला."

पेटी थांबली. तबला थांबला. बुवांच्या ओठांवर नाम अर्धंच राहिलं. गौतमीचे डोळे उघडले, आणि ते फुंकरशूर ओठ घट्ट मिटले.

आईला विचारावं लागलं नाही. लेकीकडे न बघता तिनं स्वतःचं कपाळ पुढं केलं. वृंदेनं बुक्का लावला आणि ती पुढं सरकली. पुढच्या कपाळाला, त्याच्या पुढच्या कपाळाला, तीच चांदणबोटं, तोच टिळा. कुणी फुंकलं नाही. कुणाची छाती झाली नाही.

बुवांनी झांज उचलली, आख्यान लागलं. समयांच्या सोनउजेडात कृष्णवर्ण टिळ्यांची दाटी, कपाळामागून कपाळ, कपाळामागून कपाळ. आणि पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, एक गोरं, एक कोरं.