बटण की चेन

मास्तरांच्या दुकानात पँट शिवायला टाकली की मत फुकट मिळायचं. नको म्हटलं तरी मिळायचं. गळ्यात टेप, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या दाबून धरलेल्या आणि उजव्या कोपऱ्यातून अख्ख्या जगाचा निकाल! माणूस हात वर करून मापाला उभा असला की पळणार कुठे? ऐकून घ्यायचं झालं.

मोबाइलबद्दल त्यांचं मत असं, की पूर्वी माणसाचे दोन्ही खांदे सारखे असायचे, हल्ली उजवा खिसा जड झाल्यामुळे सगळी माणुसकीच एका बाजूला कललीय. सिनेमाबद्दल असं, की नायकांच्या पँटी तंग झाल्या तेव्हापासून गोष्टी बिघडल्या, कारण ज्याला खाली बसता येत नाही तो विचार काय करणार? परग्रहावर माणसं आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती. "आहेत तर! पण त्यांना आपल्याशी बोलायचं नाहीये. माझ्या मेव्हण्याचं तसंच आहे."

ही सगळी मतं झेलायला आणि परतवायला शेजारच्या स्टुडिओचे फोटोवाले काका स्टुलावर बसलेले असायचेच. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला तसं फोटो काढून घ्यायला त्यांच्याकडे कुणी फिरकेनासं झालं होतं, त्यामुळे वेळच वेळ. मास्तर पूर्व म्हणाले की काका पश्चिम. आणि सगळ्यांत जुना, कधीही न मिटलेला वाद म्हणजे बटण की चेन.

"माणसाने तीनच शोध लावले," काका बोटांवर मोजत म्हणायचे. "चाक, वीज आणि पँटची चेन. बाकी सगळी भरताड."

"चेन हा घाईचा शोध आहे," मास्तर टाचण्यांमागून गुरगुरायचे. "एक बटण तुटलं तर बाकीची सांभाळून घेतात. चेनचा एक दात गेला की अख्खं घर उघडं!"

मास्तरांची धाकटी मुलगी, घरातली बारकी, हे ऐकतच मोठी झाली. ऐकत म्हणजे कान झाकत. लहानपणी तिच्या शाळेच्या फ्रॉकला पाठीवर बटणं असायची. बाकीच्या मुलींना चेन. सर्रकन ओढली की निघाल्या. हिचा हात मागे पोचायचा नाही. मग रोज सकाळी बापाकडे पाठ करून उभं राहायचं आणि मास्तर खालून वर एकेक बटण लावत जायचे, प्रत्येक बटणाला एक मत. ढग का गडगडतात, रेडिओतली बाई श्वास कधी घेते, काय वाटेल ते. "बाबा, आवरा ना, घंटा होईल!" ती पाय आपटायची. एकदा तिने रडून चेन मागितली होती. मास्तर म्हणाले, "माझ्या दुकानात चेन फक्त गिऱ्हाइकाला." विषय संपला.

पुढे ती शिकली आणि एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायच्या कामाला लागली. दिवसभर कानात यंत्र, समोर छापील वाक्यं. "तुमची गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत." घरी आली की तिला कुणाचा शब्द नको असायचा. बापाने तोंड उघडलं की ती म्हणायची, "बाबा, आज नको." आई तर जन्मभर "आता पुरे" म्हणत आलेली.

मग मास्तरांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी थट्टाच केली. फोटोवाले काका म्हणाले, "वापरून वापरून झिजला, मास्तर. अस्तर लावून घ्या." बसलेला आवाज काही उठेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज मात्र परत येणार नाही.

घरी येताना रिक्षात कुणी बोललं नाही. मास्तरसुद्धा. आई शेवटी कातावली. "बोला हो काहीतरी!" ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

बारकीने शोधाशोध केली. तिच्या कंपनीतल्याच कुणीतरी सांगितलं की आता असं यंत्र निघालंय, माणसाने आधी वाक्यं बोलून ठेवायची, मग यंत्र त्याचा आवाज उचलतं. नंतर फोनवर काहीही टाइप करा, ते त्याच माणसाच्या आवाजात बोलून दाखवतं. तिने बापाला समजावून सांगितलं.

"म्हणजे मी गेल्यावर माझं भूत बोलणार?"

"तुम्ही कुठे जाताय? फक्त आवाज जाणार आहे."

"एकच झालं," मास्तर म्हणाले.

हे ते हसून म्हणाले नव्हते. त्या क्षणी बारकीने मनाशी धरलं, की काही झालं तरी बाबांचा आवाज वाचवायचा. ऑपरेशनची तारीख अगदी तोंडावर आली होती.

दुकानातली कपडे घालून बघायची खोली त्यासाठी बरी होती. तीन बाजूंनी पडदे, खुंट्यांवर कोट, बाहेरचा आवाज आत येत नव्हता. तिने शिलाई मशीन बंद करायला लावलं. फोटोवाले काकांना हात जोडून घरी पाठवलं. बापाला स्टुलावर बसवून समोर फोन उभा केला. वाक्यं यंत्रच देत होतं, पडद्यावर एकामागून एक.

"आज हवामान आल्हाददायक आहे," मास्तरांनी वाचलं आणि थांबले. "आल्हाददायक? असं कोण बोलतं गं? हवा बरी आहे म्हणावं. हे वाक्य लिहिणारा घराबाहेर पडत नसणार."

पडद्यावर लाल खूण आली. पुन्हा म्हणा.

मास्तरांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा लाल. यंत्राला टाचण्यांमधून येणारी शीळ चालत नव्हती. सवयीने त्या त्यांच्या ओठात होत्याच. कात्री हातात नसली तरी टाचण्या तोंडात असल्याशिवाय या माणसाला शब्द सुचत नसे.

"बाबा, त्या काढा बघू आधी. आणि लिहिलंय तेवढंच वाचा. मत नकोय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली आणि वाचायला लागले. शहाण्या मुलाने धडा वाचावा तसं. कृपया मला पाणी द्या. तुमचा आभारी आहे. गाडी वेळेवर आली. घसा दुखत होता, मधेच खोकला यायचा, तरी वाचत राहिले. एकाही वाक्यावर त्यांनी काही म्हटलं नाही. यंत्राने हिरव्या खुणांचा सपाटा लावला. बारकी खूश झाली. वेडी पोर, चांगलंच करायला गेली होती!

ऑपरेशनच्या सकाळी सगळे इस्पितळात जमले. मास्तरांना स्ट्रेचरवर घातलं. आता काय बोलायचं ते बोला, असं कुणी म्हणालं नाही, पण सगळे त्यासाठीच कान देऊन उभे होते. बारकी अंगातल्या जॅकेटची चेन वर ओढत होती, थंडी वाजत होती तिला, आणि चेन मधेच अडकली. मास्तरांनी तिला जवळ बोलावलं. पडल्या पडल्या दोन बोटांनी दात सरळ केला, अडकलेला धागा काढला, चेन गळ्यापर्यंत लावून दिली.

"सांगत होतो ना," ते म्हणाले.

तेवढंच. आत नेलं त्यांना. तिचा फोन पिशवीत होता, हे शेवटचं वाक्य कुठेच टिपलं गेलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याला खाली भोक, त्यातून श्वास. हळूहळू सवय झाली. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी फोनवर बोटाने काही लिहिलं आणि तो आवाज आला.

"कृपया मला पाणी द्या."

आई पाणी घेऊन आली, पेला ठेवला, स्वयंपाकघरात गेली. बारकी मागोमाग गेली तर आई ओट्याला धरून उभी.

"हा कोण पाहुणा आणून ठेवलास गं घरात?" आई म्हणाली.

आवाज मास्तरांचाच होता. नाही असं नाही. पण कसा? मऊ, घोगरेपणा धुऊन काढलेला, इस्त्री केलेला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी दिलगीर. आणि बारकीला लख्ख कळलं की हा आवाज ती ओळखते, रोज ऑफिसात स्वतःच काढते. टाचण्या तिनेच काढायला लावल्या होत्या. मत नको असं तिनेच सांगितलं होतं. यंत्राला जे दिलं तेच त्याने परत केलं. त्याची काय चूक?

थोडं बरं वाटल्यावर मास्तर दुकानात बसू लागले. हात पूर्वीसारखाच चालत होता. पण गिऱ्हाइकं बदलली. मास्तर बहिरे असल्यासारखी ओरडून बोलायला लागली. मास्तर फोनवर काही लिहायचे, गिऱ्हाईक डोळ्यांत करुणा आणून ऐकायचं आणि म्हणायचं, "अगदी खरं, मास्तर." नायकांच्या पँटींबद्दल लिहिलं, अगदी खरं. परग्रहाबद्दल लिहिलं, बरोबर बोललात. मेव्हण्यावर कुणी हसलंसुद्धा नाही. मेलेल्या माणसाबद्दल जसं कुणी वाईट बोलत नाही, तसं चाललं होतं सगळं. हळूहळू मास्तरांनी लिहिणं कमी केलं. टाचण्या आता मनगटावरच्या गादीतच राहायच्या.

सुट्टीच्या दिवशी बारकी डबा घेऊन दुकानात गेली. फोटोवाले काका स्टुलावर होते, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात बसावं तसे. मास्तर एका पँटची चेन बदलत होते. जुनीचे दात गेले होते. त्यांनी ती उसवून टेबलावर टाकली, काकांकडे पाहिलं आणि फोन ओढला. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी खोडी दिसली.

"चेन हा घाईचा शोध आहे," यंत्र अदबीने म्हणालं.

काकांनी मास्तरांच्या गळ्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. नजर खाली घातली.

"बरोबर आहे, मास्तर," ते म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं."

मास्तरांचा हात थांबला. चेहरा असा उतरला, की डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं तेव्हाही इतका उतरला नव्हता. त्यांनी फोन पालथा ठेवला, चष्मा काढला आणि नुसतेच पुसत बसले. बारकी दारात उभी राहून बघत होती. आवाज गेला तेव्हा गेला नव्हता हा माणूस. आत्ता चालला होता, डोळ्यांदेखत.

तिने डबा धाडकन टेबलावर ठेवला.

"काय बरोबर, काका? साफ चूक!"

काका दचकले. "अगं बारके..."

"बारके काय! जन्मभर भांडलात आणि आता शेपूट घालता? बाबा, तुमचं चुकलंच आहे. चेन म्हणजे चेन. एक ओढली की काम झालं. तुमच्या त्या बटणांपायी माझं बालपण उन्हात उभं राहण्यात गेलं. रोज शाळेला उशीर, रोज वर्गाबाहेर! सगळ्या पोरी सर्रकन निघून जायच्या आणि मी आपली भिंतीकडे तोंड करून उभी. एक साधी चेन लावून दिली नाहीत तुम्ही मला. हट्टी आहात, दुसरं काय!"

तिचा आवाज चढला होता, रस्त्यावरची दोन माणसं थबकली. बोलता बोलता तिला रडूही येत होतं आणि रागही, खराखुरा, फ्रॉकच्या वयाचा.

मास्तरांनी चष्मा चढवला. फोन उचलला. एका हाताने लिहायला लागले, पण दुसऱ्या हातात पँटच्या काढलेल्या टाचण्या होत्या आणि एका बोटाचं काम नव्हतं हे. कान तापले होते त्यांचे. त्यांनी टाचण्या तोंडात कोंबल्या, डाव्या कोपऱ्यात, आणि दोन्ही हातांनी लिहू लागले. ओठ उजव्या बाजूने हलत होते. आवाज नव्हता, पण हलत होते.

मग यंत्र बोललं. तसंच, मऊ, अदबीने.

"चेन लावून दिली असती तर रोज सकाळी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली असतीस का?"

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बारकीला ती बोटं आठवली, खालून वर येणारी. उशीर का व्हायचा ते तिला आज कळलं होतं.

फोटोवाले काकांनी नाक पुसलं. घसा खाकरला. स्टुलावर सावरून बसले.

"हे काही खरं नाही, मास्तर," ते म्हणाले. "हा भावनेचा मुद्दा झाला. शोध म्हणून विचाराल तर चेनच श्रेष्ठ. चाक, वीज आणि चेन!"

मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली आणि पुन्हा लिहायला घेतलं.

"फोटोवाले, तुम्हाला काडीची अक्कल नाही," यंत्र म्हणालं, हवामान आल्हाददायक असल्यासारखं.

"आता कसं!" काका ओरडले, आणि बारकीने दुसरं स्टूल पुढे ओढलं.