दोडक्याच्या वेलाखालची सायकल

मी प्रियदर्शनीची सायकल बोलतेय. घंटी गंजली आहे, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

रंगरावांचं घर आणि भाजीचा मळा गावाबाहेर आणि लेकीची शाळा मालेगावात, म्हणून मी या घरात आले. प्रियदर्शनी मला अशी दामटायची की चेन उतरायची. शाळा सुटली की मी भिंतीला टेकून तिचा खो-खो बघायची. तालुक्याच्या संघात ही पोरगी जाणारच, असं सर म्हणायचे. तिच्या कपड्यांची माती माझ्या सीटवर असायची, आणि मला ती आवडायची.

मग शाळेचा अभ्यास मोबाईलवर येऊ लागला, म्हणून रंगरावांनी मोबाईल घेतला. पुढे मैदानात बांधकाम निघालं. सरांनी सांगितलं, व्यायाम घरीच करा आणि व्हिडिओ टाका. प्रियदर्शनी दोन उड्या मारून व्हिडिओ धाडायची. सरांची शाबासकी आली तरी मोबाईल काही खाली ठेवायची नाही.

आधी खेळून यायला उशीर झाला की शेजारच्या गोमतीबाई तिच्या आईला, सीताबाईला टोमणे मारायच्या. आता सीताबाईच त्यांना ऐकवायची, "माही पोरगी घराबाहेर पाय नाई टाकत. मोबाईल देल्यापासून माहा घोर गेला."

अगं माउली, ती घरात तरी कुठं आहे?

शाळेला ती ऑटोनं जाऊ लागली. मला चालवताना मोबाईल बघता येत नाही ना! मला अंगणातल्या मांडवाला टेकवलं, ती मी तिथलीच झाले. दोडक्याचा वेल चाकातून हँडलवर चढला, तरी कुणी मनावर घेतलं नाही.

परवा मैदान मोकळं झालं आणि सरांनी खो-खोच्या निवडीला बोलावलं. रंगरावांनी विचारलं, "काहून जात नाई वं?"

"दम लागते, बाबा. मन बी नाई लागत."

रंगराव मळ्यातली पाण्याची मोटर सुरू करायला गेले.

आज निवडीच्या सकाळी ती बाहेर आली. कितीतरी महिन्यांनी माझ्या हँडलवर तिचा हात पडला. वाटलं, आता वेल ओढणार. तिनं पिवळी फुलं घंटीजवळ नीट केली, मान तिरकी केली, फोटो काढला आणि आत गेली.

पोरी, फोटो छानच आला असेल. पण एकदा तो वेल तोड. दोडके काय, दुसऱ्या मांडवावरही लागतील.