चेंबरच्या पट्ट्या

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास गुंडेराव मास्तर गाडी घेऊन गेले. साल १९८६. हुमनाबादला हमरस्त्याच्या कडेला राघोबाचं गॅरेज होतं. तो आला तेव्हा पत्र्याचं दार लोटलेलं होतं आणि कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं होतं. एक किल्ली मास्तरांकडे असे. आत गाडीच्या जागी तेलाचा एक थेंबही नव्हता. चिरडलेलं एक लिंबू होतं.

राघोबा आधी पूजेकडे वळला. काल खंडेनवमी झाली होती. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडे, जॅक, वेल्डिंगची बंदूक, सगळं हळदीकुंकवात जसंच्या तसं होतं. त्या हत्यारांशेजारी त्याने लोखंडी पत्र्याच्या चार पट्ट्या मांडल्या होत्या. त्या तिथे नव्हत्या.

त्याची बायको चंद्रभागाबाई नैवेद्याचं ताट घेऊन मागून आली.

"काय बगायलाव? गाडी कुठाय?"

"मास्तर नेले."

"मग न्हेऊ द्या की. त्यांचीच हाय. सणाचं फिरून येतेत."

"अगं, अर्धी हाय ती!"

"कालच तर चालू केलतंव. मी आरती वोवाळले की तिला."

 राघोबाने राजदूत फटफटी बाहेर काढली.

"पूजा कोन उतरवायचं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. तो तोवर रस्त्याला लागला होता.

गुंडेराव तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. सरळ रेघ, वर्तुळ, फुलदाणी. मुलं त्यांना घाबरत नसत आणि फारसं लक्षातही ठेवत नसत. निवृत्तीच्या आधी त्यांनी बिदरच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली. ती हौसेची गाडी ठरायची होती. ती त्यांच्या पत्नी सुमतीबाईंना सोलापूरच्या इस्पितळात कॅन्सरचा शेक द्यायला नेण्याची गाडी ठरली. बाई मागच्या सीटवर आडव्या असत, मास्तर पुढे. दीड वर्ष हे चाललं. शेवटच्या खेपेला मास्तर एकटेच परत आले आणि गाडी त्यांनी सरळ राघोबाच्या गॅरेजसमोर आणून उभी केली.

"विकायची का?" राघोबाने विचारलं होतं.

"विकवत नाही."

"मग घरी न्ह्या."

"बसवतही नाही रे."

फियाट वर्षभर तिथेच उभी राहिली. मग एके दिवशी पुण्याहून आलेल्या लॉरीतून मास्तरांनी एक विचित्र सांगाडा उतरवून घेतला. नळ्यांची चौकट, त्यावर बसवायचं फायबरचं हलकं अंग, दोन माणसांपुरती जागा. पुण्यातला कुणी हौशी माणूस अशा गाड्यांचे सुटे भाग करून विकत असे. इंजिन ज्याचं त्याने घालायचं. दोघांनी उचललं तर ते अंग उचललं जात होतं.

राघोबा पोट धरून हसला होता. "मास्तर, फियाटचं इंजिन ह्याच्यात? शेळीच्या अंगात रेड्याचं काळीज घालायलाव तुमी."

"बसेल की नाही ते सांग."

"बसवू की. पर ह्याला मागचं सीट न्हाई बगा."

"तेच पाहिजे," मास्तर म्हणाले.

त्यानंतर राघोबाने चेष्टा केली नाही.

काम सोपं नव्हतं. फियाटमध्ये उंच बसलेलं इंजिन या गाडीत बॉनेटच्या वर डोकावत होतं. खाली सरकवलं तर त्याच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर जमिनीला टेकायला येत होतं. हुमनाबादच्या रस्त्यावरचा पहिलाच धोंडा ते फोडून गेला असता. इंजिन मागे सरकवलं, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड केला, रेडिएटर आडवा पाडला. तरी चेंबर राहिलंच. शेवटी ते चार बोटं कापून तळाला सपाट पत्रा मारायचं ठरलं.

अडचण मास्तरांच्याच ध्यानात आली. त्यांनी परातीत पाणी घेतलं आणि परात कलती केली. पाणी एका कडेला धावलं.

"वळणावर तेल असंच पळणार, राघोबा. पंपाच्या जाळीला तेलाऐवजी हवा लागली की इंजिन संपलं."

"मग आत आडव्या पट्ट्या मारू. तेल अडंल."

पट्ट्या मास्तरांनी घरी बसून कागदावर काढल्या, कात्रीने पत्र्यातून कापल्या, कडा कानशीने घासल्या. राघोबाला एवढी स्वच्छ घासलेली कड क्वचितच बघायला मिळे. नवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी हत्यारं पूजेला बसणार होती आणि दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. वेल्डिंग दोन दिवसांनी करायचं ठरलं.

पण अर्ध्या गाडीची पूजा करत नाहीत. पोट उघडं असलेल्या यंत्राला कुंकू लावलं तर वर्षभर कुणाचं ना कुणाचं पोट उघडं पडतं, असं राघोबाचा बाप मानत असे आणि राघोबाही मानत असे. म्हणून त्याने पट्ट्या न बसवताच चेंबर लावलं, नवं गॅस्केट घातलं, बोल्ट आवळले, तेल भरलं. आरतीच्या वेळी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या हाकेला बोललं. मास्तर डोळे मिटून ऐकत उभे होते.

"तोच आवाज," ते म्हणाले.

"मास्तर, उद्या दसरा झाला की उघडतो परत. तवर हात लावू नका."

"बरं," मास्तर म्हणाले होते. पाटावरच्या पट्ट्यांना त्यांनी स्वतः कुंकू लावलं.

हे सगळं राजदूतवर राघोबाच्या डोक्यात फिरत होतं. मास्तर कुठे निघाले असतील हे विचारायची गरज नव्हती. मुलगी इंदुताई गुलबर्ग्याला होती. जावई बँकेत. कमलापूरपर्यंतचा रस्ता बराचसा सरळ. तिथून पुढे उतार आणि वळणं.

कमलापूरला रस्त्याच्या कडेला निलम्मा लाल केळी घेऊन बसलेली असे. राघोबा नेहमीचं गिऱ्हाईक.

"अक्का, एक बुटकी गाडी गेली का हिकडून? रंग न दिलेली, राखेवानी?"

"व्हय की अण्णा! गाडी का खेळणं ते? समदी पोरं भवती जमली. अज्जानं एक फणी केळी घेतलं. मी म्हटलं, अज्जा, मागं कोन बसतंय? तर हसलं की. म्हणालं, मागं जागाच न्हाई."

"आवाज कसा होता?"

"मला काय कळतंय आवाजाचं? टाक टाक करायलतं."

 टाक टाक म्हणजे बेअरिंग कोरडं पडलं होतं.

"अज्जाला ऐकू आलं का ते?"

"आलं नसंल का? उतरून बॉनेटला कान लावलं. लई वेळ. मग बसून गेलं."

उताराच्या तिसऱ्या वळणावर गाडी मिळाली. लिंबाखाली रस्ता सोडून व्यवस्थित लावलेली, मागच्या चाकाला दगड, दोन्ही दारं बंद. कुठे आदळलेली नव्हती. झेंडूची माळ वाऱ्याने एका बाजूला गेली होती. राघोबाने पंख्याला हात घालून इंजिन फिरवून बघितलं. तसूभर हललं नाही. जाम झालं होतं.

शेजारच्या सीटवर चार पट्ट्या होत्या. नव्या पंच्यात गुंडाळलेल्या, कुंकू तसंच. केळी नव्हती. मास्तर नव्हते.

गुलबर्ग्याला इंदुताईंच्या दारात तोरण होतं. राघोबाला एकट्याला बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"बाबा गाडी घेऊन निघाले? पण परवाच मला फोनवर म्हणाले, गाडी अजून अर्धी आहे, दिवाळीला येईन."

"अर्धी हाय म्हनले?"

"हो. पट्ट्या राहिल्यात म्हणाले. अगदी शांत आवाजात सगळं समजावून सांगितलं मला. मला काय कळणार त्यातलं?" मग एकदम त्यांचा आवाज चढला. "अर्धी होती तर तुम्ही खालून बंद कशाला केली? चालू कशाला केली?"

"पूजा होती, अक्का. उघड्या गाडीला कुंकू लावत न्हाईत."

 इंदुताई आणखी रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी त्याला पाणी दिलं.

"इथे स्टेशनरोडला वेल्डिंगवाले आहेत," त्या म्हणाल्या. "मुसलमानांची दुकानं आज चालू असतात. तिथे मारून घेणार असतील पट्ट्या. म्हणून बरोबर घेतल्या."

"व्हय अक्का. तसंच असंल."

दोघांनी स्टेशनरोडवरची सगळी दुकानं पालथी घातली. कुणाकडे मास्तर आले नव्हते.

दिवस कलताना राघोबा हुमनाबादला परतला, तेव्हा बसस्टँडवरच्या शिवय्या चहावाल्याने त्याला हाक मारली आणि हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली.

"राघोबा, सोनं घे. मास्तरालाबी दिलो दुपारी."

"कोन मास्तर?"

"आपले गुंडेराव. गुलबर्ग्याच्या गाडीतून उतरले. मांडीवर केळी. चहा घेतले आन् सोलापूरच्या गाडीत बसले. म्हटलं, सणाचं कुठं जायलाव? म्हनले, जाऊन येतो."

राघोबा गुलबर्ग्याकडे निघाला होता, त्याच रस्त्याने मास्तर उलटे आले होते. समोरून आलेल्या बसकडे त्याने बघितलंही नव्हतं.

इंदुताई आणि त्यांचे यजमान सोलापूरला गेले. पोलिसात वर्दी दिली, लॉज बघितले. इस्पितळातल्या एका नर्सला आठवत होतं : दसऱ्याच्या संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ बायकांच्या वॉर्डात आले, खाटेखाटेला एकेक लाल केळ देत गेले. कोपऱ्यातल्या खाटेजवळ जरा थांबले. ती रिकामी होती. तिथेही एक ठेवलं. नाव सांगितलं नाही. पुढे कुठे गेले, तिने बघितलं नाही.

गाडी लॉरीला बांधून परत आणली. राघोबाने इंजिन उतरवलं, बेअरिंग बदललं, क्रँक सोलापूरहून घासून आणला. चारही पट्ट्या मास्तरांनी आखल्या होत्या तिथेच, तशाच वेल्ड केल्या. परातीसारखं चेंबर कलतं करून बघितलं. तेल जागच्या जागी राहिलं.

पण ते त्याने इंजिनाला लावलं नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलं. बोल्ट ग्रीस लावून डब्यात ठेवले.

पुढच्या खंडेनवमीला त्याने हत्यारं मांडली, गाडीला माळ घातली आणि कुंकवाची वाटी घेऊन खाली वाकला. चंद्रभागाबाईंनी त्याचा हात धरला.

"उघडी हाय की ती. पोट उघडं हाय."

"असू दे."

"तुमचे अप्पा काय म्हनायचे?"

"ठाव हाय," राघोबा म्हणाला आणि उघड्या क्रँकच्या कडेला बोट टेकवलं. "मास्तर येऊन उभे ऱ्हायले की लावतो. त्यांच्यासमोर."

शेजारी फियाट उभी आहे, बॉनेट रिकामं. तिचं मागचं सीट त्याने कधी काढलं नाही. १९९०च्या नवमीलाही दोन्ही गाड्यांना माळा घातल्या. चेंबर भिंतीवरच होतं. मास्तरांकडची किल्ली परत आलेली नाही, आणि राघोबाने कुलूप बदललेलं नाही.