तारेचा वळ

उज्वलानं फळीवरचा डबा काढायला हात वर केला, पोलक्याची बाही वर सरकली, आणि चुलीपुढं चहा पीत बसलेल्या बजरंगनं उठून बहिणीचं मनगट धरलं.

"हे काय गं?"

दंडापासून मागं खांद्यापर्यंत वळ गेला होता. दोन काळ्यानिळ्या रेघा आणि मधे फिकट पट्टी. तीन-चार दिवसांचा असावा, कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. असा वळ कशानं उठतो हे बजरंगला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काही न्हाई दादा. तार तुटून लागली."

"कसली तार?"

"खाणीतल्या डब्याची. मंगळवारी पाव्हणे बसले होते, वर ओढताना तुटली. सोड, दूध उतू चाललंय."

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि बाही खाली ओढली. बजरंगच्या मनात शंका होती ती त्या बाही ओढण्यानं गेली. बाया असंच सांगतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तार लागली म्हणतात, कडी लागली म्हणतात. सणाच्या दिवशी खरं सांगून कोणती बहीण भावाच्या तोंडचा घास कडू करते?

तो कप तसाच ठेवून अंगणात आला. त्याची बायको दीपमाला तिथं सीताफळं निवडत बसली होती.

नायगावजवळच्या आपल्या गावातलं सोयाबीन घरात आलं की बजरंग दरवर्षी भाऊबीजेला चार दिवस बहिणीकडं यायचा. किनवटच्या पुढं सागाच्या डोंगरात तिचं घर. खाली चुनखडीची जुनी खाण. तिचा सासरा त्याच खाणीत दगड फोडून मेला. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि उज्वलाच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, काठावर पत्र्याच्या तीन खोल्या बांधल्या. दिवाळीच्या सुट्टीत नांदेड-लातूरची माणसं लेकराबाळांना घेऊन यायची, रान बघायची आणि दगड वाहायच्या लोखंडी डब्यात बसून रुळावरून पाण्यापर्यंत उतरायची. वैजनाथ इंजिन लावून तारेच्या दोरानं डबा वर ओढायचा. उज्वला शेजारी उभी राहायची.

वडील गेल्यावर हे स्थळ बजरंगनंच पाहिलं होतं. मुलगा मुका असल्यासारखा आहे, असं आई तेव्हा म्हणाली होती. निर्व्यसनी आहे, असं म्हणून बजरंगनं पुढं होऊन सुपारी फोडली होती. ती सुपारी आता त्याच्या घशात अडकली.

"उजीला आज संग घेऊन जायचं," तो दीपमालाला म्हणाला. "तिचं सामान बांध."

"काय झालं?"

"मारतोय तो तिला. अंगावर वळ हाय."

दीपमालाच्या हातातलं सीताफळ तिथंच थांबलं. "तार लागली म्हणून मला पण सांगितलं त्यांनी."

"सांगणारच."

"खरं सांगत होत्या." ती थोडी थांबली. "माझ्या डोळ्यात बघून सांगत होत्या."

"लई कळतंय तुला. गप बस."

बजरंग पायवाटेनं खाणीकडं निघाला तेव्हा ती उठली, दोन पावलं त्याच्या मागं गेली आणि परत फिरून घरात शिरली.

उतारावर वैजनाथ रुळापाशी उकिडवा बसला होता. डब्याच्या चाकाखाली दगड लावून तो नवा दोर कडीत ओवत होता. मेव्हण्याला बघून तो हसला आणि ग्रीसनं भरलेले हात पुसायला फडकं शोधू लागला.

"या दादा. झोप लागली का थंडीत?"

बजरंगनं त्याच्या छातीत लाथ घातली.

वैजनाथ उताणा पडला. डोकं रुळावर आपटलं. तो उठायच्या आत बजरंग त्याच्या अंगावर बसला आणि मुठीनं त्याच्या तोंडावर मारू लागला. पहिल्या ठोशाला ओठ फाटला, तिसऱ्याला दात तुटला. बजरंगच्या बोटांची कातडी त्याच दातावर सोलून निघाली आणि त्यानं त्याला आणखीच चेव चढला.

"बाईवर हात टाकतो? माझ्या बहिणीवर?"

"दादा, ऐका," वैजनाथच्या तोंडात रक्त भरलं होतं. "तार. तार तुटली."

"दोघांनी पाठ करून ठेवलंय व्हय?"

वैजनाथनं चेहऱ्यापुढं कोपर धरलं. उलटून मात्र एकही फटका मारला नाही. सणाला दारात आलेल्या मेव्हण्यावर हात उचलायचा नसतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. बजरंगनं त्याचा अर्थ वेगळा काढला. निर्दोष माणूस असा मार खाईल का? चोराच्या मनातलं चांदणंच हे. त्यानं उठून बरगडीत लाथा घातल्या. आत काहीतरी कडकन वाजलं आणि वैजनाथ कुशीवर वळून रुळाकडं सरपटला. उठायला आधार हवा म्हणून त्यानं उजव्या हातानं रूळ धरला.

तो हात बजरंगनं बघितला. ती बोटं डब्याच्या चाकापासून वीतभर होती. हे पुढं त्याला कधी नाकबूल करता आलं नाही. त्यानं बघितलं, आणि चाकाखालचा दगड लाथेनं उडवला.

डबा कुरकुरला, सुटला, बोटांवरून गेला. वैजनाथचा आवाज सगळ्या खाणीत घुमला. डबा उतारावरून धडधडत खाली गेला आणि पाण्यात पडला.

मग सगळं शांत झालं. काठावरच्या बगळ्यांनी दुसरीकडं जाऊन बस्तान मांडलं. बजरंग कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. आता बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

इंजिनापाशी जुन्या दोराचं भेंडोळं पडलं होतं. त्याचं एक टोक तुटून विस्कटलेलं, तारा सगळीकडं फाकलेल्या. त्या तारांत हिरव्या कापडाची चिंधी अडकली होती. उज्वलाच्या पोलक्याचं कापड बजरंगनंच गेल्या दिवाळीला आणलं होतं. हिरवं, बारीक बुट्टीचं. बुट्टी स्पष्ट दिसत होती.

उज्वला धावत आली. दीपमाला तिच्या मागं होती. उज्वलानं नवऱ्याचा हात बघितला आणि अंगावरचा पदर टरकन फाडून त्याला बांधायला बसली. बांधून होईपर्यंत तिनं भावाकडं मान वळवली नाही.

"सांगितलं होतं न मी तुला."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वळ तसलाच होता, उजे. मोटारीच्या वायरनं हाणल्यावर उठतो तसलाच. दोन रेघा, मधे..."

उज्वलानं मान वर केली. आधी ती त्याच्याकडं बघत राहिली, मग दीपमालाकडं. थंडी सरून ऊन चढलं होतं, तरी दीपमालानं दोन्ही दंडांवरून पदर घट्ट लपेटून घेतला होता.

"गाडी काढ," उज्वला म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्याकडं गाडी घाटातून निघाली. मागच्या सीटवर वैजनाथ कण्हत होता आणि त्याचं डोकं दीपमालाच्या मांडीवर होतं. आरशात बघायचं बजरंगनं टाळलं. बहिणीला घेऊन जायला आलो होतो, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं, आणि त्याच्या पुढचं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होती. तिनं बोटं बघितली, दोन वाचणार नाहीत म्हणाली, बरगड्या दाबून बघितल्या. मग कागद पुढं ओढला.

"कसं झालं हे?"

बजरंगनं तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत दीपमाला पुढं झाली.

"पडले, मॅडम. उतारावर पाय घसरला, डबा अंगावर आला. सकाळी दव असतंय न, दगड ओला होता."

कुठं अडखळणं नाही, कुठं घाई नाही. कोणता दगड, कोणता पाय, सगळं ठाकठीक. बजरंग तिच्याकडं बघतच राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि ती हे शेजारणीला, त्याच्या आईला, गावातल्या कंपाउंडरला कसं सांगत आली असेल ते त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. ती बोलत होती डॉक्टरशी, पण नजर टेबलाच्या कडेवर होती.

डॉक्टरनं लिहायला सुरुवात केली.

"लिहू नका," उज्वला म्हणाली. "पडले न्हाईत. मारलंय. हा माझा भाऊ हाय, ह्यानं मारलंय."

"उजे," बजरंग म्हणाला.

"तू थांब." तिनं वहिनीचा हात धरला. दीपमालानं तो मागं ओढला, पण फार जोरानं नाही. उज्वलानं तिचा पदर बाजूला केला आणि बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. "आणि हिला पण बघा, मॅडम."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. खुर्ची सरकवून ती उठली आणि दीपमालाचा दंड उजेडाकडं वळवला. दारात उभ्या शिपायाला तिनं बजरंगला बाहेर न्यायला खुणावलं. बजरंगनं दाराची चौकट धरून ठेवली.

"हे कधीचं आहे?" डॉक्टरनं विचारलं.

दीपमालानं मान वर केली. या वेळी ती डॉक्टरच्या डोळ्यात बघत होती.

"कोणचं?"