सासूबाईंच्या पाल्याचा निकाल

शेंगदाण्याएवढा तो गुलाबी पंजा मापाच्या चिमट्यात धरला, तरी उंदराने तो मागे ओढला नाही... ओढायला हवा होता. सूज आणणारी सुई सकाळी तिनेच टोचली होती. एव्हाना पंजा टम्म व्हायला हवा होता, निदान ज्यांना औषध मिळालं नव्हतं त्यांचा तरी. पण पिवळ्या बाटलीतला डोस दिलेल्या उंदरांना सूज नाही, निळ्या बाटलीतला दिलेल्यांनाही नाही. एका बाटलीत सासूबाईंच्या पाल्याचा अर्क, दुसरीत नुसतं पाणी. कशात काय, हे फक्त प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ठाऊक.

परसातला पाला. वाटून, कोमट करून गुडघ्याला बांधायचा... लग्न होऊन आल्यापासून तो वास तिच्या नाकात बसला होता. गुडघा पार झिजलाय, ऑपरेशन टाळू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी हिचे उंदीर काय म्हणतात ते कळू दे. पाला खोटा ठरला तर निमूट टेबलावर आडवी होते." सगळं घर हसलं. तीही हसली, पण पाला खोटाच निघावा असं तिला मनातून वाटत होतं — ऑपरेशन व्हावं म्हणून? की बाळंतपणानंतर कंबर धरली तेव्हा गोळी मागितली तर याच बाईने नाक मुरडून पाल्याचं फडकं बांधलं, दुपारभर कंबरेवर हात ठेवून, अंगठा फिरवत बसली, आणि बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला होता, म्हणून?

"निळ्यात पाणी होतं," सहकारी म्हणाला. "गेल्या खेपेला माझ्या हातचे पाण्यावरचे उंदीर चांगले फुगले होते. तुमचे का नाहीत?"

"मला काय माहीत?"

"सुई टोचली की लगेच पिंजऱ्यात सोडता ना?"

सोडते की. म्हणजे... थरथर थांबेपर्यंत ओंजळीत धरते, अंगठा पाठीवरून जरा — पण हे मी कधीपासून करते? कुणी शिकवलं?

तिचा चेहरा पाहून सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. "कुरवाळता की काय? अहो, तेवढ्यानेही सूज बदलते! आता पाल्याने काही केलं की नाही, कसं कळणार? पुन्हा करा. आणि लाड नकोत."

घरी सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"काय म्हणाले गं उंदीर?"

"अजून नीट बोलत नाहीत, आई."

"तुझ्यावर गेलेत."

ती शेजारी टेकली. गुडघा सुजलेला, तापलेला... हात त्यावर कधी गेला, कळलंच नाही. सासूबाईंनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"उतरतंय बघ. सांग तुझ्या उंदरांना, पाल्याला गुण आहे."

पाल्याचं फडकं समोर दांडीवर वाळत होतं. आज ते बांधायचं राहूनच गेलं होतं. सांगावं का? सांगितलं तर पाला खोटा ठरतो, उद्याच दवाखान्यात नेता येईल... पण खोटं नक्की काय ठरलं? आणि हे उतरतंय ते काय? हात काढून घ्यावा, म्हणजे दुखणं परतेल, म्हणजे आई ऑपरेशनला तयार होतील — आणि दुखणं परतावं म्हणून हात काढायचा? तिने बोटं जराशी सैल केली.

"काढू नकोस गं," सासूबाई पुटपुटल्या.

अंगठा पुन्हा फिरू लागला, गोल, सावकाश, थेट त्या दुपारसारखा. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तो आपलाच आहे का, हेच तिला कळेना.